फोनवरचा खोटा पोलीस

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला लागूनच जवाहरनगरची आयुध निर्माणी. साहजिकच या भागात पेन्शनवर घर चालवणारे आजी-आजोबा पुष्कळ. ठगांना नेमकी अशीच माणसं हवी असतात.

दुपारची सामसूम. फोन वाजतो. पडद्यावर खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ. ‘तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे. फोन ठेवायचा नाही, मुलाला सांगायचं नाही.’ ही म्हणे ‘डिजिटल अरेस्ट’!

आपल्या कायद्यात अशी अटकच नाही.

मुंबईतल्या 86 वर्षांच्या एका आजींना डिसेंबर 2024 पासून दोन महिन्यांहून अधिक काळ असंच धाकात ठेवून 20 कोटींवर रुपये उकळले. त्या खोलीतून फक्त जेवायला बाहेर येत. हा बदल घरकामाच्या बाईंच्या नजरेत भरला आणि त्यांनीच आजींच्या मुलीला सांगितलं. केवढं मोलाचं लक्ष!

पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. लगेच 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा. ठग पैसे या खात्यातून त्या खात्यात पळवतात. तक्रार लवकर पोहोचली, तर ती रक्कम वाटेतच गोठवता येते.

आणि पेन्शनरांनी आणखी एक जपावं: नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी कुणी फोनवर ओटीपी मागितला, तर तो देऊ नये. सरळ बँकेची शाखा गाठावी.