रंगूनच्या स्तूपाची पायरी

(बुद्धविहाराच्या सभेत केलेले भाषण)



रंगून हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे ते बाबासाहेबांमुळे. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते तेथे गेले आणि तेथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी त्याच महिन्याच्या २५ तारखेस देहूरोडच्या विहारात स्थापन केली. ज्या नगरातून ती मूर्ती आली, त्या नगरात माणसामाणसांत समता नांदली काय, हा प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. आवडत्या साक्षीदाराचीही उलटतपासणी केल्यावाचून वकिलाला चैन पडत नाही.

पूर्वीचे डगॉन १७५५ साली अलौंगपया राजाने जिंकले आणि त्यास यांगून, म्हणजे 'कलहाचा अंत', असे नाव दिले. इंग्रजांनी त्याचे रंगून केले व १८५२ च्या युद्धानंतर सुले पॅगोडा मध्यभागी ठेवून काटकोनी रस्त्यांचे शहर आखले. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हाही राजधानी हीच होती. २००५ पासून सरकारी कचेऱ्या नेपिडोला हलल्या. पण नगराचा खरा धनी आहे टेकडीवरचा सोनेरी श्वेडॅगॉन स्तूप. तपुस्स आणि भल्लिक या व्यापाऱ्यांनी आणलेले भगवंतांचे आठ केस त्यात आहेत, अशी तेथील श्रद्धा. पंधराव्या शतकात शिन सॉबू या राणीने स्वतःच्या वजनाइतके सोने त्याला वाहिले. चार दिशांनी चार जिने वर जातात. पायथ्याशी पादत्राणे काढली, की वर जाणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही.

मात्र ही पादत्राणेसुद्धा झगडून काढवावी लागली! इंग्रज साहेब बुटांसह वर चढत. स्थापन १९०६ मध्ये झालेल्या बौद्ध तरुणांच्या संघटनेने हा प्रश्न हाती घेतला, आणि त्यात पुढे होते प्रोमचे ऊ थीन माँग हे वकील. (आमच्या धंद्याची एवढी बढाई मला क्षमा करा.) १९१९ साली मंडालेच्या पॅगोड्यात बूट घालून आलेले युरोपीय आणि भिक्षू यांची झटापट झाली. त्यानंतर, आपल्या आवारात काय घालावे हे तेथील प्रमुख भिक्षूंनी ठरवावे, असे सरकारला मान्य करावे लागले.

येथवर ऐकून आपल्याला अभिमान वाटला असेल. आता दुसरी बाजू ऐका. राजे लोक युद्धकैदी, इतकेच नव्हे तर गावेच्या गावे, पॅगोड्याला दान देत. त्यांना पॅगोड्याचे दास म्हणत. आवार झाडणे, दिवे लावणे ही त्यांची कामे. हे दास्य वंशपरंपरेचे होते. दासाच्या मुलीशी जो लग्न करील तोही दास ठरे. पुढेपुढे लोक त्यांच्या पंक्तीस बसेनात. प्रेते पुरणाऱ्यांना तर तेथे 'संडाला' म्हणत. हा शब्द कोठून गेला हे आपल्याला सांगायला नको. इंग्रजी अमलात कायद्याने दास्य उरले नाही, तरी कलंक उरला. आणि त्याच अमलात रंगूनची मैला वाहण्याची कामे करण्यासाठी तेलुगू मुलखातील अस्पृश्य मजूर समुद्रापलीकडे नेण्यात आले. जातीने तेथेही त्यांचा पाठलाग सोडला नाही.

बुद्धाच्या नगरीत हे कसे घडले? धम्माने जन्माची उच्चनीचता नाकारली होती, पण राजाच्या दानपत्राने ती पॅगोड्याच्या दारात आणून बसवली आणि लोकांनी दान म्हणून तिला हात जोडले. १९४७ च्या राज्यघटनेत जन्म, धर्म, लिंग, वंश यांवरून भेद न करता सर्व नागरिक कायद्यापुढे समान ठरले. ती घटना तयार होताना ऊ चान टून यांनी आपले घटना सल्लागार बी. एन. राव यांचा सल्ला घेतला होता. पण १९६२ साली लष्कराने ती घटना गुंडाळली. १९८२ च्या कायद्याने पूर्ण नागरिकत्व मुख्यतः १८२३ पूर्वीपासून तेथे राहणाऱ्या वंशांशी जोडले, आणि २०१७ साली लाखो रोहिंग्या मुसलमानांना देश सोडून पळावे लागले. त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यांत चीवरधारीही होते, हे सांगताना मला लाज वाटते. पण लपवणे अधिक लाजिरवाणे.

आता आपल्याकडे पाहू. दीक्षा घेतलेल्या घरांतही सोयरीक जुळवताना हळूच पोटजात विचारली जाते, हे आपण जाणता. विहाराचे आवार कोण झाडते? येथेही ते एकाच घराकडे, 'ते नेहमीच करतात' म्हणून, आपोआप गेले आहे. विहार समितीच्या नियमांचा मसुदा मी लिहीत आहे. झाडण्याची पाळी प्रत्येक घराला क्रमाने यावी, अध्यक्षांच्या आणि माझ्याही, असे कलम मी त्यात घातले आहे. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी येत्या पौर्णिमेच्या सभेत उभे राहून कारण सांगावे.