कानांनी वाचावयाचे पान



कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीत आसनगाव मागे पडले, की डब्यातील ध्वनिक्षेपक सांगतो : "पुढील स्टेशन, आटगाव." डोळस उतारूला ही घोषणा ऐकू आली काय किंवा न आली काय, सारखेच, तो खिडकीतून पाटी पाहतो. परंतु ज्याला दृष्टी नाही, त्याचे सारे स्वावलंबन त्या तीन शब्दांवर उभे असते. घोषणा झाली तर तो आपला आपण उतरतो. न झाली तर शेजाऱ्याला विचारतो; आणि शेजारी डुलक्या घेत असला, तर पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत येतो.

आज मला जे सांगावयाचे आहे, ते अशाच घोषणेविषयी आहे; गाडी मात्र निराळी आहे. पूर्वी आटगावच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दप्तरी खेटे घालावे लागत. आता तोच उतारा महाभूलेखाच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. 'दिसतो', या क्रियापदातच सारी मेख आहे. ज्याला दिसत नाही त्याने काय करावे? पुतण्याने वाचून दाखविले ते खरे मानावे, आणि बँकेचा गुप्त अंक त्याच पुतण्याच्या कानात सांगावा! पुतण्या सज्जन असेलही. परंतु प्रौढ मनुष्याचा व्यवहार दुसऱ्याच्या सज्जनपणावर टांगलेला असावा, ही काही बरी स्थिती नव्हे.

यावर तोड काढणाऱ्यांत एक नाव आपल्या पुण्याचे आहे. श्री. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ सालचा. काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. भाऊ, शिक्षक आणि मदतनीस पुस्तके वाचून दाखवीत. त्या आधारावर ते पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित शिकले, पुढे मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये व तेथून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणित ऐकून शिकणे किती अवघड असते, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. "अ अधिक ब चा वर्ग" असे कोणी मोठ्याने म्हटले, तर वर्ग एकट्या 'ब'चा की दोहोंच्या बेरजेचा? कागदावर कंस दिसतो. कानाला कंस नसतो. रामन यांनी १९९४ साली पुऱ्या केलेल्या प्रबंधात याचे उत्तर दिले. त्यांनी रचलेली संगणकप्रणाली गणित वाचताना आवाजच बदलीत असे : घातांक आला की स्वर चढे, पायाशी लिहिलेले अक्षर आले की उतरे. तिला त्यांनी आपल्या वाटाड्या कुत्रीचे, ॲस्टरचे, नाव दिले. त्या प्रबंधाला अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या ए. सी. एम. या संस्थेचे प्रबंधपारितोषिक मिळाले.

त्यांच्या कार्यामागे एक साधा विचार आहे. पडद्यावर काय रंगविले आहे ते वाचीत बसू नये; मजकुराचा अर्थ व बांधणी काय आहे, ती बोलावी. याच विचारातून १९९५ साली त्यांनी 'ईमॅकस्पीक' सिद्ध केले. पुढे २००५ साली ते गूगलमध्ये गेले, आणि तेथे त्यांनी चार्ल्स चेन या सहकाऱ्यासह 'क्रोमव्हॉक्स' घडविले. ते २०११ साली लोकांपुढे आले. हे मूळचे एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला मागाहून जोडावयाचे उपांग होते. पान उघडले की ते बोलू लागे. नंतर क्रोमच्या संगणकांत ते अंगचेच झाले. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स टे या दोघा दृष्टिहीन तरुणांचे 'एन. व्ही. डी. ए.' तर पडद्यावरचा सर्वच कारभार वाचून दाखविते. त्याचा आरंभ २००६ सालचा, आणि ते विनामूल्य आहे. आटगावच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट लहानसहान नव्हे.

आता हा आवाज चालतो कसा? संकेतस्थळाच्या पानाला पडद्यामागे एक सांगाडा असतो. त्यात हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, हे बटण, असे खुणावून ठेवलेले असते. आवाज तो सांगाडा वाचतो. आपण वृत्तपत्र चाळताना जशी मथळ्यावरून मथळ्यावर नजर फिरवितो, तसा अंध वाचक एक कळ दाबून शीर्षकावरून शीर्षकावर उडी घेतो. चित्राच्या पाठीशी त्याचे वर्णन लिहिलेले असले, तर तेही ऐकू येते. मात्र जे लिहिलेलेच नाही, ते आवाज आणणार कोठून? बटणावर नुसता बाण काढला आणि त्याला नाव दिले नाही, तर ऐकणाऱ्याच्या कानी "बटण" एवढेच पडते. एका पानावर अशी दहा बटणे असली, तर दहा वेळा "बटण". हे घोषणेविना आलेले स्टेशन होय. कागदाचे छायाचित्र काढून चिकटविले, तर त्यातील अक्षरे त्या सांगाड्यात येतच नाहीत. आणि वेडीवाकडी अक्षरे ओळखून आपण मनुष्य असल्याची खात्री पटवा, असा जेथे हुकूम असतो, तेथे तर आंधळ्याला मनुष्यांतूनच वगळले जाते!

मराठीत आणखी अडचणी आहेत. जुन्या मराठी संकेतस्थळांचे टंक असे होते, की पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु आत इंग्रजी अक्षरेच असत. त्यांवर देवनागरीचा केवळ पोशाख चढविलेला असे. डोळ्यांना ते सुरेख वाटे; आवाज मात्र इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कोलाहल ऐकवी. युनिकोड आल्यापासून ही पीडा पुष्कळ ओसरली, तरी त्या काळातील कागद तसेच पडून आहेत. दुसरी गोष्ट उच्चारांची. 'चार' या आकड्यातला 'च' तालव्य, आणि गुरांच्या 'चारा' या शब्दातला दंत्य. 'चिंच' या एकाच शब्दात दोन्ही 'च' निराळे. लिपीत हा भेद दाखविलेला नाही; आपण तो आईकडून शिकतो, यंत्राला तो शिकवावा लागतो. हिंदीसाठी घडविलेला आवाज मराठी वाचू लागला, की सगळेच 'च' एका साच्यातून काढतो. '७/१२' हा तर खास आपला मासला. यंत्र त्याला अपूर्णांक समजेल किंवा डिसेंबरची सात तारीखही समजेल. ही शेतीची नोंद आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. एन. व्ही. डी. ए. सोबत येणाऱ्या 'ईस्पीक' या बोलत्या यंत्रणेला मराठी येते, परंतु तिचा सूर पत्र्यासारखा आहे. सरावाचा कान तरीही तो सूर पसंत करतो, कारण तो भरधाव सोडला तरी स्पष्ट राहतो. गोड आवाजाची मातब्बरी बहुधा डोळसांनाच अधिक.

कायदा याबाबतीत मागे नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात माहितीची साधने त्यांना वापरता येतील अशी असावीत, असे सांगितले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. बँकेत ओळख पटविताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, अशी अट असे. ज्यांचे डोळे गेले आहेत त्यांनी ती कशी पाळावी? या वादात न्यायालयाने अशा साधनांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

निर्णय झाला, पाने दुरुस्त करणारे हात मात्र कचेऱ्या-कचेऱ्यांतून विखुरलेले आहेत. आपल्यापैकी कोणाकडे शाळेचे, सोसायटीचे किंवा दुकानाचे संकेतस्थळ असेल, तर आज रात्री एवढे करून पाहावे. उंदीर, म्हणजे माऊस, बाजूला ठेवावा, आणि केवळ टॅबची कळ दाबीत पानाच्या शेवटापर्यंत जावे. मग संगणकातला वाचक आवाज सुरू करून, डोळे मिटून, तेच पुन्हा करावे. कोठे अडते ते लिहून ठेवावे, आणि ते पान ज्याने तयार केले असेल त्याच्याकडे तो कागद सकाळी पाठवून द्यावा.