ऑईलवाला की कागदी? आपल्या धुळीत कोणता एअर फिल्टर चालतो

आजचा विषय छोटा वाटेल, पण इंजिनचं आयुष्य त्यावर अवलंबून आहे. एअर फिल्टर. कंपनीचा कागदीच ठेवायचा, की ऑईल लावलेला, धुऊन पुन्हा वापरायचा कॉटनवाला टाकायचा? हा प्रयोग मी बाबांच्या गाडीवर केलाय आणि तोंडावर आपटलोय. म्हणून सांगतो.

आधी थोडा हिशोब. १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन ३००० आरपीएमला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, मिनिटाला साधारण दीड हजार लिटर हवा ओढतं. त्या हवेत मातीचे बारीक कण असतात आणि त्यातला सिलिका साध्या पोलादापेक्षा कठीण. तो पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरच्या मध्ये गेला की पॉलिश पेपरसारखं घासत राहतो. मग कॉम्प्रेशन जातं, गाडी ऑईल खायला लागते, आणि काम थेट इंजिन खोलण्यावर येतं.

कागदी फिल्टरची गंमत अशी की त्यावर बसलेली धूळच पुढची धूळ अडवते. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो. अर्थात पूर्ण चोंदेपर्यंतच.

ऑईलवाल्यात सुती कापडाचे थर असतात आणि धूळ ऑईलला चिकटते. कॅलिफोर्नियाच्या के अँड एन कंपनीमुळे हा प्रकार जगभर गाजला. पण ऑईलने धूळ धरायची कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या ट्रॅक्टरचा ऑईल बाथ आठवा! खालची वाटी काढायची, गाळ फेकायचा, नवं ऑईल भरायचं. शेतातल्या माणसाला हे पाठ असतं.

आता माझा किस्सा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, आपल्या जालन्यावरूनच जातो तो. मला पिकअपचं वेड लागलं. बाबांच्या डिझेल गाडीत ऑईलवाला फिल्टर बसवला. पण बाबा समृद्धीवर किती जातात? त्यांचा रोजचा रस्ता घनसावंगीकडचा. उसाच्या ट्रॉल्या, मोसंबीचे टेम्पो, आणि समोर गाडी असली की नुसता धुरळा.

बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "धुतल्यावर वाळायला किती वेळ लागतो?"

म्हटलं, रात्रभर तरी.

"आणि सकाळी सहाला मी काय बैलगाडी काढू?"

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या सुट्टीत घाईत फिल्टर धुतला आणि वर भसाभसा ऑईल ओतलं. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला. आत जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, त्याच्या नाजूक तारेवर ऑईलचा थर बसला होता. तो साफ करताना मिस्त्रीने फिल्टरच्या पुढच्या पाइपात पांढरं फडकं फिरवलं. फडकं काळपट, पिठासारखी धूळ! म्हणाला, "भाऊ, ही गाळून आलेली धूळ आहे. म्हणजे इंजिनात गेलेली."

दोष फिल्टरचा की माझ्या हाताचा? बहुतेक माझ्या हाताचा. कडेचं रबर नीट बसलं नव्हतं आणि ऑईलही सगळीकडे सारखं लागलं नव्हतं. पण मुद्दा तोच आहे. ऑईलवाला फिल्टर तुमच्या शिस्तीवर चालतो. ती शिस्त गाडी रोज वापरणाऱ्याला जमणार नसेल, तर पैसे वाया आणि इंजिन धोक्यात.

बरं, अ‍ॅव्हरेज तरी वाढतं का? अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं. इंजेक्शनवाल्या नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर चोंदला तरी अ‍ॅव्हरेजमध्ये खास फरक पडला नाही, फक्त पळण्याची ताकद कमी झाली. मग चांगल्या कागदी फिल्टरच्या जागी महागडा टाकून अ‍ॅव्हरेज कुठून वाढणार?

तर माझं मत. डांबरी रस्ता, स्वतः धुण्याची हौस आणि मास एअर फ्लो सेन्सर नसलेली गाडी असेल, तर ऑईलवाला चालेल. शेतरस्ता, क्रशर किंवा जिनिंगच्या आसपासची धूळ असेल, तर कागदीच घ्या आणि लवकर बदला. मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी वेगळी मुदत दिलेली असते, ती वाचा. कॉम्प्रेसरची हवा जवळून जोरात मारू नका, कागद फाटतो. आणि फिल्टर कोणताही असो, पुढच्या पाइपात एकदा पांढरं फडकं फिरवून बघा. खरं काय ते फडकंच सांगेल.

आमच्याकडे आता नियम ठरलाय. दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधी एक नवा कागदी फिल्टर, आणि ऊसतोड संपली की पाडव्याला दुसरा. बाबा स्वतः बदलतात. पाच मिनिटं लागतात, आणि सकाळी सहाला गाडी तयार.

तुमच्या फडक्याचा रंग काय निघाला, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!