दुनळी बंदुकीच्या थकलेल्या कमानी
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



लोहकाम हा आपल्या ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय. कोयती, विळे, नांगराचे फाळ यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज आम्ही काडतुसी दुनळी बंदुकीतील कमानींविषयी चार शब्द सांगू इच्छितो. वन्य प्राण्यांच्या शिकारीस 1972 च्या कायद्याने पायबंद घातला. तथापि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका खेड्यांतील कित्येक घरांत आजही आहेत, आणि जुनी बंदूक दुरुस्तीसाठी सहजच लोहाराच्या दारी येते.

बर्मिंगहॅम येथे अँसन व डीली यांनी 1875 साली सिद्ध केलेल्या रचनेत नळ्या खाली लवविल्या की आतील घोडे आपोआप ताणले जातात. घोड्यामागे पोलादाची मुख्य कमान असते. जुन्या बंदुकींत ती चिमट्यासारखी दुमडलेली, तर पुष्कळ नव्या बंदुकींत वेटोळ्याची. कमान थकली म्हणजे काडतुसाच्या टोपीवर खोल खूण न उमटता नुसता ठिपका उमटतो आणि बार होत नाही. अशा वेळी बंदूक तत्काळ उघडू नये. नळ्यांचे तोंड निर्धोक दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. कारण बार उशिराही होऊ शकतो. घोडा अडविणाऱ्या खटक्याची कमान थकली असेल, तर धोका याहून मोठा. चापाला बोट न लागताही नुसत्या हिसक्याने बार होण्याचा संभव असतो.

कित्येक जण वेटोळ्याची कमान ताणून लांब करतात व तीच पुन्हा बसवितात. ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक होय. एकदा बसलेले पोलाद ओढून लांब झाले, तरी त्याचा जोर परत येत नाही. थोड्याच वापराने ते पुन्हा बसते. नवी कमान त्याच मापाची व त्याच जोराची हवी. अधिक जोराची कमान घालणे हेही शहाणपण नव्हे. दोन्ही घोड्यांच्या कमानी जोडीनेच बदलाव्या, म्हणजे दोन्ही नळ्यांचा भरवसा सारखा राहतो.

दुमडलेली कमान घडविणे हे पाणी देण्याच्या विद्येचे खरे कसोटीचे काम. लाल तापवून तेलात बुडविलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. मग ते चकचकीत घासून हलकेच तापवावे. पिवळा व जांभळा रंग जाऊन निळा चढला की थांबावे. घासणे नेहमी लांबीच्या दिशेने. आडवा ओरखडा राहिला तर तडा तेथूनच जातो.

परंतु बंधूंनो, हात कुशल आहे एवढ्याने अधिकार येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमान्वये बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायास परवाना लागतो. “एवढी एक कमान बसवून द्या,” असे शेजारी प्रेमाने म्हणेल. परवाना नसेल तर त्यास तितक्याच प्रेमाने परवानाधारक कारागिराकडे धाडावे. नकार देण्यात कमीपणा नाही. ज्या तरुणांना या कामाची आवड आहे, त्यांनी रीतसर शिक्षण व परवाना घेऊन ते उजळ माथ्याने करावे.

कमान डोळ्यांना दिसत नाही. बंदूक हाती धरणाऱ्याचा जीव मात्र तिच्यावर अवलंबून असतो. आपल्या ऐरणीवरून निघालेल्या प्रत्येक वस्तूविषयी लोकांना असाच भरवसा वाटो, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.