पनवेलचे आकाश आणि मुक्त तारांगण

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तारांगण म्हटले की मुंबईकरांना वरळीचा पांढरा घुमट आठवतो. नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झाले आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे बसून आकाशाची ओळख करून घेतली. परंतु तालुक्यातील प्रत्येक शाळेला दरवर्षी मुंबईची वारी परवडत नाही. आज मात्र शाळेच्या साध्या संगणकावर चालणारे तारांगण विनामूल्य मिळते आणि एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेटचीही गरज उरत नाही.

अशा तारांगणांपैकी सर्वांत परिचित नाव स्टेलॅरियमचे. फाब्यँ शेरो या फ्रेंच तरुणाने २००१ साली त्याचा आरंभ केला. त्याच्या मूळ संग्रहात सहा लाखांहून अधिक तारे आहेत आणि जास्तीचे तारासंग्रह जोडले तर ही संख्या कोट्यवधींच्या घरात जाते. दिनांक, वेळ आणि गाव सांगितले की त्या क्षणी त्या गावावरचे आकाश पडद्यावर उमटते.

तथापि या आज्ञावलीचे खरे वैशिष्ट्य तिच्या परवान्यात आहे. ती कोणीही वापरावी, तिची रचना अभ्यासावी, तीत बदल करावा आणि बदललेली प्रत इतरांना द्यावी, अशी उघड मुभा आहे. अट एवढीच की, बदललेली प्रत वाटताना पुढच्या माणसालाही हेच हक्क दिले पाहिजेत. गावच्या सार्वजनिक विहिरीसारखीच ही व्यवस्था आहे. पाणी सर्वांनी भरावे आणि गाळ काढण्यासही सर्वांनी यावे. आपल्याकडे पाणी भरणारे पुष्कळ आहेत. गाळ काढण्यास जाणारे थोडे.

थोडे आहेत, परंतु नाहीत असे नव्हे. केस्टार्स या दुसऱ्या मुक्त तारांगणात २००८ साली एका भारतीय विद्यार्थ्याने उन्हाळी प्रकल्प म्हणून काम केले. त्या कामामुळे अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या संग्रहातील सुमारे दहा कोटी तारे दाखविणे शक्य झाले. हे काम प्रोग्रामिंग जाणणाऱ्याचे होय. परंतु तारांगणात भर घालण्यासाठी प्रोग्रामिंग आलेच पाहिजे, हा समज दूर झाला पाहिजे.

येथे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. संगणकावर स्टेलॅरियम प्रथम उघडले की क्षितिजावर जे शिवार व झाडे दिसत आली आहेत, ती फ्रान्समधील एका खेड्याची. त्या खेड्यातून अगस्त्याचा तारा कधीच उगवत नाही. तो तेथील क्षितिजाच्या सदैव खाली राहतो. पनवेलचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. येथून फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास हाच अगस्त्य दक्षिणेस सुमारे १८ अंशांवर झळकतो. आणि पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आहे. गावाचे नाव बदलले की आज्ञावली अगस्त्य बिनचूक दाखविते. पण त्याच्याखाली कर्नाळा दाखवीत नाही. तो तिला कोणीतरी दिला पाहिजे, आणि तो देणारा पनवेलचाच असणार.

हे काम अवघड नाही. क्षितिजाचे भूदृश्य दोन प्रकारे तयार करता येते. पहिला प्रकार छायाचित्रांचा. शाळेच्या गच्चीवरून सभोवार छायाचित्रे घ्यावयाची, ती जोडून एक अखंड पट्टी करावयाची आणि त्यातील आकाशाचा भाग पारदर्शक करावयाचा. दुसरा प्रकार त्याहून सोपा. होकायंत्राने दिशा आणि कोनमापकाने उंची मोजून दिगंश व उन्नतांश यांच्या जोड्यांची यादी एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिली की त्यावरून डोंगरांची रेषा आखली जाते. प्रोट्रॅक्टर, दोरा आणि दगड यांपासून सातवीच्या मुलांना कोनमापक करता येतो. प्रबळगड पूर्वेस आहे. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य त्या बाजूनेच वर येतो. त्या सकाळी प्रत्यक्ष सूर्योदय आणि पडद्यावरील सूर्योदय ताडून पाहिला की मोजमाप बरोबर आहे की नाही, हे मुलांनाच कळते. भूगोल, गणित आणि विज्ञान यांचा असा एकत्र पाठ क्वचितच मिळतो.

दुसरे योगदान भाषेचे. स्टेलॅरियमच्या भाषांत मराठी आहे; परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नवे शब्द येतात आणि त्यांचे भाषांतर करणारा लागतो. येथे मराठीच्या शिक्षकांचा अधिकार मोठा आहे. नक्षत्रांची, राशींची व ग्रहांची नावे आपल्या भाषेत पूर्वीपासून आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथापासून खगोलावरील मराठी लेखनाची भक्कम परंपरा आहे. रूढ शब्द असताना इंग्रजीची ओढाताण करण्याचे कारण नाही.

तिसरे योगदान सर्वांत मोलाचे आणि सर्वांत तातडीचे होय. या आज्ञावलीत निरनिराळ्या समाजांच्या आकाशकल्पना स्वतंत्रपणे दाखविण्याची सोय आहे. तीत वैदिक परंपरेवर आधारलेले भारतीय आकाशही आहे. परंतु ग्रंथातील आकाश वेगळे आणि शेताच्या बांधावरून ओळखलेले आकाश वेगळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी मध्य भारतातील गोंड गावांत हिंडून तेथील आकाशज्ञानाची नोंद केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. सप्तर्षीच्या चौकोनात ही मंडळी खाट पाहतात, आणि त्यांचे तारे मुख्यतः ऋतू व शेतीची कामे ओळखण्यासाठी आहेत, असे त्यांस आढळले.

पनवेलच्या खाडीकाठचे कोळी आणि डोंगराकडील ठाकूर व कातकरी वाड्या यांच्याकडे अशी विचारणा व्हावयास हवी. ही माहिती वृद्धांच्या स्मरणात असते, आणि ती दुहेरी संकटात आहे. एकीकडे सांगणारे कमी होत आहेत. दुसरीकडे दाखविण्याचे तारेच दिसेनासे होत आहेत. १८५२ साली नगरपालिका झालेले हे गाव २०१६ साली महानगरपालिका झाले आणि तालुक्यातील विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. या प्रगतीबरोबर रात्रीचा उजेडही वाढणारच. आजोबांनी बोट दाखवावे आणि नातवाला तेथे काहीच दिसू नये, ही वेळ दूर नाही.

मात्र अशी नोंद करताना घाई करू नये. सांगणाऱ्याची संमती घ्यावी. गाव, महिना आणि रात्रीची वेळ लिहावी. तारा केवळ वर्णनावरून न ठरवता प्रत्यक्ष आकाशात दाखवून घ्यावा. तेथे उजेड फार असेल तर संगणकाच्या पडद्यावर दाखवून घ्यावा. तीच गोष्ट दुसऱ्या वाडीत दुसऱ्या माणसाकडून ताडून पाहावी. जे मिळाले नाही ते कल्पनेने भरू नये. खोटी नोंद एकदा जगभर पसरली की ती मागे घेणे कठीण.

तयार झालेले काम पाठविण्याची रीतही खुली आहे. प्रथम आपला प्रस्ताव मांडावयाचा, मग काम सादर करावयाचे. अनुभवी मंडळी ते तपासतात, त्रुटी दाखवितात, आणि दुरुस्तीनंतर ते पुढील आवृत्तीत घेतले जाऊ शकते. आक्षेप आले म्हणजे अपमान झाला असे नव्हे. ग्रामसभेत ठरावावर चर्चा होते, तशीच ही चर्चा. छायाचित्र दुसऱ्याचे असेल तर त्याची परवानगी आणि परवान्याचा उल्लेख आवश्यक आहे.

या सर्वांसाठी वेगळी योजना किंवा निधीची तरतूद लागत नाही. शाळेने गच्ची उघडी करून द्यावी, शिक्षकाने दोन संध्याकाळी द्याव्यात, पंचायत सदस्याने वाडीवरच्या वृद्धांशी गाठ घालून द्यावी आणि निरीक्षणाच्या रात्री रस्त्यावरचे दिवे तासभर मालवण्याची व्यवस्था करावी. आरंभ क्षितिजापासून करणे सोयीचे; पावसाळा सरला की प्रबळगड आणि कर्नाळा स्वच्छ दिसू लागतात, तोच मोजणीचा हंगाम होय.