चिमूटभर कोळशात दहा गुंठे



माझे अब्बा दौंडला रेल्वेत होते, वाफेच्या इंजिनावर. ड्यूटीवरून आले की हाताच्या रेघांतला कोळसा साबणानंही निघायचा नाही. "कोळसा अंगात मुरतो," असं ते हसून म्हणायचे. पुढे खोकला सुरू झाला आणि ते हसणं थांबलं. त्यामुळे कोळशाविषयी चार चांगले शब्द बोलायला मला बराच काळ लागला.

मी कलाशाखेचा बी.ए. रसायनशास्त्र मला लेकीनं शिकवलं. नारळाची करवंटी किंवा उसाचं चिपाड हवा न लागू देता भाजायचं, मग तापलेल्या वाफेत धरायचं. त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. अशा एका ग्रॅम कोळशातल्या भिंती उलगडल्या, तर हजार चौरस मीटर भरतात. म्हणजे दहा गुंठे! आमच्या शिरूरला एवढ्या तुकड्यासाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात.

या भिंतींना वायूचे रेणू चिकटतात. मुरत नाहीत, चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. रिक्षातला सीएनजी हवेच्या सुमारे २०० पट दाबानं भरतात, म्हणून टाकी जाडजूड. सच्छिद्र कार्बन भरलेल्या टाकीत ३५ पट दाबावरही बराच वायू मावतो.

पण छिद्र केवढं हवं? फार रुंद असेल तर मधले रेणू मोकळेच राहतात. फार अरुंद असेल तर शिरतच नाहीत. दरवेळी भट्टी पेटवण्याऐवजी शास्त्रज्ञ संगणकात कार्बनच्या भिंती उभ्या करतात, रेणू सोडतात, हलवतात, काढतात. प्रत्येक चाल ऊर्जेच्या हिशेबानं आणि थोड्या नशिबानं मंजूर होते. म्हणूनच या पद्धतीला जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचं नाव आहे. लाखो चालींनंतर सरासरी काढतात. हायड्रोजन साठवणाऱ्या पदार्थांचा असा संगणकीय अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही झाला आहे.

१९९८ साली अमेरिकेतून बातमी आली, की कार्बनच्या तंतूंत वजनाच्या निम्म्याहून अधिक हायड्रोजन साठतो. जगभर वाहवा झाली. संगणकाचं गणित मात्र म्हणालं, हे बसत नाही. पुढे तो प्रयोग इतरांना साधला नाही. मुशायऱ्यात टाळ्या पडल्या म्हणून शेर चांगला ठरत नाही, हे आम्हा कवींनाही ठाऊक असतं.

साध्या तापमानाला हायड्रोजन कार्बनला फार थोडा चिकटतो. ती अडचण आजही आहे. तरी ज्या कोळशानं अब्बांचा श्वास कोंडला, त्याच्याच पोटात उद्याच्या स्वच्छ इंधनासाठी जागा शोधली जाते आहे. अब्बा असते तर त्यांनी आधी आपले तळहात पाहिले असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)