चाळिशीनंतरची दुसरी शाखा

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. माझा एक शाळासोबती अचानक दारात येऊन उभा राहिला. हा माझा मित्र डॉक्टर आहे. आमच्या राहाता परिसरात गेली अठरा वर्षे तो बाळंतपणे करतो आहे. डॉक्टर असा अवेळी दारात आला की आपल्याच छातीत धस्स होते. पण तो हसून म्हणाला, "अरे, कुणी आजारी नाही. असलोच तर मीच आहे. चहा टाकायला सांग, आणि मला एका प्रश्नाचं उत्तर दे. तू मास्तर. कुठला विषय घ्यावा हे विचारायला पोरं तुझ्याकडे येतात. मी आता शेहेचाळिसाव्या वर्षी विषय बदलू का?"

श्रोतेहो, मी अर्थशास्त्राचा एम. ए. वैद्यकातले मला काय कळणार? पण प्रश्न विचारणारा जिवाभावाचा होता, म्हणून ऐकत बसलो.

तो सांगू लागला. त्याच्याकडे रोज दोनचार बायका अशा येतात, की रक्त तपासा, लघवी तपासा, सोनोग्राफी करा, हाती काही लागत नाही. पोट दुखते, डोके जड होते, झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो. एखादी बाळंतीण महिना उलटला तरी पोराला मायेने जवळ घेत नाही, आणि घरची मंडळी म्हणतात, हिला बाहेरचे काहीतरी लागले आहे. "मी आपला टॉनिक लिहून देतो," तो म्हणाला, "आणि महिन्याने तीच बाई पुन्हा समोर. तिचा आजार मनाचा आहे एवढं मला समजतं, पण त्यावरची विद्या माझ्याजवळ नाही. मनोविकारशास्त्र शिकावं असं फार वाटतं." मग कपातला शेवटचा घोट घेऊन तो हळूच म्हणाला, "आणि खरं सांगू का? रात्रीचा कंटाळा आला रे. फोन वाजला की पाय उचलत नाही."

आपल्याकडे एक म्हण आहे, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. ती माझ्या अगदी ओठावर आली होती. पण म्हण सांगून मित्राची समजूत पडत नसते. म्हणून मी वहीचे एक पान फाडले आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो.

हिशेब काही सुखाचा नव्हता. एम. बी. बी. एस. ला साडेचार वर्षे आणि वर रुग्णालयातली वर्षभराची उमेदवारी. त्यानंतर एम. डी. किंवा एम. एस. ची तीन वर्षे. हे सारे माझ्या मित्राने ऐन तारुण्यात केलेच होते. पण एका शाखेची पदवी पदरात आहे, म्हणून दुसऱ्या शाखेत कुणी पायरी गाळू देत नाही. नीट-पीजी नावाची जी प्रवेशपरीक्षा आहे ती पुन्हा द्यायची, आणि तीही पंचविशीतल्या मुलामुलींच्या रांगेत बसून. वयाची वरची अट नाही हे खरे. पण अट नसली म्हणून वय थोडेच कमी होते? अभ्यासाला एक वर्ष आणि शिक्षणाला तीन, म्हणजे बाहेर पडेपर्यंत पन्नाशी गाठलेली. शिवाय गंमत अशी, की निवासी डॉक्टर म्हणून राहायचे म्हणजे पुन्हा रात्रपाळ्या आल्याच! ज्या रात्रींना कंटाळून निघायचे, त्याच रात्री तिथे वाट पाहत बसलेल्या.

पानाच्या दुसऱ्या बाजूला घर आले. दवाखान्याच्या इमारतीवर बँकेचे कर्ज, मुलगा बारावीत. त्याच्याच भरवशावर उभ्या असलेल्या दोन परिचारिका. आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या त्या बायका, ज्यांना अडलेल्या वेळी हाच एक दरवाजा ठाऊक आहे. त्यांचा आकडा कसा मांडायचा, हे आमच्या अर्थशास्त्रात शिकवलेले नाही.

तो गेला, पण मला झोप येईना. असा पेच आजवर कुणाकुणाला पडला असेल, याचा विचार करू लागलो. डॉ. श्रीराम लागू यांचे नाव पहिल्याने आठवले. कान-नाक-घशाचे हे शल्यविशारद १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, वैद्यक बाजूला ठेवून पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. पण ते वैद्यक सोडणे झाले. माझ्या मित्राला वैद्यकातच राहायचे होते. मग जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आठवले. ते सर्वसाधारण शस्त्रवैद्य, एडिंबरोची एफ. आर. सी. एस. घेऊन आलेले. १९५८ च्या सुमारास त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अस्थिशल्याचा विभाग हवा होता आणि ते काम त्यांच्या अंगावर आले. म्हणजे शाखा त्यांनी निवडली असे म्हणण्यापेक्षा तीच त्यांच्याकडे चालून आली. पुढे त्यांनी आणि फारसे न शिकलेल्या रामचंद्र शर्मा या कारागिराने मिळून जो कृत्रिम पाय घडवला, तो 'जयपूर फूट' म्हणून जगभर गेला, आणि १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण खरे उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात सापडले, जामखेडला. राहाता जिल्ह्याच्या उत्तरेला, तर जामखेड पार दक्षिणेकडच्या टोकाला. आमच्याकडे कालव्याचे पाणी, तिकडे पाचवीला पुजलेला दुष्काळ. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तिथे १९७० मध्ये येऊन राहिले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालेले. १९६० मध्ये लग्न करताना त्यांनी खेड्यातल्या गरिबांची सेवा करण्याचे व्रत घेतले आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात ते काम करू लागले.

तिथे त्यांना काय दिसले? रोगी येतो, औषध घेतो, बरा होऊन जातो, आणि काही दिवसांनी तोच रोगी तेच दुखणे घेऊन पुन्हा येतो. दवाखान्यात येणाऱ्या दुखण्यांपैकी निम्म्याहून अधिक मुळात टाळता येण्याजोगी होती. घाण पाणी, अपुरे अन्न, अज्ञान, बाळंतपणातली हेळसांड ही त्यांची कारणे, आणि ती औषधाच्या कपाटात मावणारी नव्हती. पुढे दोघे अमेरिकेला गेले. तिथे औषधवैद्यक आणि शस्त्रक्रिया यांचे वरचे शिक्षण घेतले. तिथेच राहिले असते तर मानमरातब आणि पैसा कमी पडला नसता. पण पस्तिशीच्या आसपास, शस्त्रवैद्य म्हणून हात बसलेला असताना, डॉ. रजनीकांत आणि त्यांच्यासह मेबलबाई पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि तडक जामखेड गाठले.

आता एक बारकावा ध्यानात घ्या. नवी शाखा घेतली म्हणून त्यांनी जुनी विद्या विहिरीत टाकली नाही. जामखेडला रुग्णालय उभे राहिले आणि तिथे शस्त्रक्रियाही होत राहिल्या. आणि नवी पदवी घेतली म्हणून सगळे समजले, असेही झाले नाही. सुरुवातीला गावोगाव शिकलेल्या परिचारिका ठेवाव्यात असा त्यांचा बेत होता. तो साधला नाही. परक्या मुली खेड्यात रमेनात आणि गावही त्यांना आपले म्हणेना. तेव्हा गावातलीच एखादी बाई निवडून तिला शिकवावे, असे ठरले. या बायकांपैकी कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते, कित्येकी दलित वस्तीतल्या होत्या. त्याच पुढे बाळंतपणे करू लागल्या, पोरांची वजने घेऊ लागल्या, पाणी स्वच्छ कसे ठेवावे ते शेजारणींना सांगू लागल्या. १९७१ मध्ये या भागात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत असत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. काम मात्र मागे राहिले.

आरोळ्यांचा शोध आणि माझ्या मित्राचे गाऱ्हाणे यांत मला एक साम्य दिसले. दोघांनाही कोड्यात टाकले ते पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या रोग्यानेच. वडाळ्याच्या रोग्याने आरोळ्यांचा हात धरून त्यांना गावच्या पाणवठ्यावर नेले. माझ्या मित्राचा हात ती पोटदुखीवाली बाई ओढत होती. रोग्याने दाखवलेल्या वाटेने डॉक्टर नव्या शाखेत जात असेल, तर त्याला पळत्याच्या पाठी लागणे म्हणता येणार नाही. पण मित्राच्या बोलण्यात दुसरेही एक वाक्य होते. "रात्रीचा कंटाळा आला." ते वाक्य आरोळ्यांच्या गोष्टीत कुठे नाही. आणि हीच खरी गोम होती. दोन वेगळी कारणे एकाच तोंडाने बोलत होती. एक ओढ होती आणि एक थकवा होता.

हे मला कुणी शिकवले, सांगू? आमच्या राहात्याच्या पेरूने! आमची घरची थोडी बाग आहे. पेरूला वर्षात आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार येऊ शकतात. शहाणा बागाईतदार त्यांतला एकच धरतो, बाकीच्या वेळी झाडाला विसावा देतो. पण दर बरा दिसला की एखाद्याला मोह होतो, आणि तो एकामागून एक बहार घेत सुटतो. दोनतीन वर्षांत फळ बारीक पडते, फांद्या वाळू लागतात. मग हा गृहस्थ म्हणतो, जातच वाईट निघाली, बाग काढून टाकतो आणि डाळिंब लावतो. माझे वडील अशांना एकच सांगत, "आधी झाडाला एक वर्ष इसावा दे. मग काय काढायचं ते काढ."

दुसऱ्या दिवशी मी मित्राच्या घरी गेलो आणि वडिलांचे वाक्य त्याला ऐकवले. वहिनी तिथेच भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, बरं झालं बोललात. रात्री फोन वाजला की आता मुलंसुद्धा कूस बदलत नाहीत, इतकी सवय झालीय. यांना मनाचा डॉक्टर व्हायचं तर होऊ देत, मी दागिने मोडीन. पण झोपेसाठी होत असतील तर झोप इथंच मिळते का, ते आधी बघू या."

मग तिघांनी मिळून असे ठरवले, की वर्षभर परीक्षेचे नाव काढायचे नाही. शेजारच्या गावी एक तरुण प्रसूतितज्ज्ञ बाई नव्याने आल्या होत्या. त्यांच्याशी बोलणी करून रात्री वाटून घेतल्या. तीन रात्री त्यांच्या, चार याच्या. मिळकत कमी झाली, ती सोसली. आणि आठवड्यातली एक दुपार मोकळी करून माझा मित्र एका मोठ्या रुग्णालयात मानसरोगतज्ज्ञाच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागला. शेहेचाळिसाव्या वर्षी, वही घेऊन! शिवाय बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्था आता इतर डॉक्टरांनाही दुरून मानसोपचाराचे प्राथमिक शिक्षण देतात. त्याचाही त्याने लाभ घेतला.

वर्षाने पुन्हा आम्ही त्या फाटक्या पानासमोर बसलो. "रात्री अर्ध्या झाल्या," तो म्हणाला, "आणि बाळंतपणाचा वीट कुठे गेला कळलंच नाही. परवा एका आडव्या मुलाची सुटका केली, आणि पहिल्या वर्षीसारखा आनंद झाला. पण ती दुपारची खुर्ची, तिची गोडी मात्र कमी झाली नाही."

म्हणजे थकवा उतरला आणि ओढ शिल्लक राहिली. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी निघाली. त्याने परीक्षा द्यायची नाही असे ठरवले, कारण कर्ज, घर आणि वाड्यावस्त्यांवरच्या त्या बायका यांचे पारडे जड झाले. त्याचे त्याला थोडे दुःखही आहे, ते तो लपवत नाही. मात्र आता प्रत्येक बाळंतिणीला तो टाके पाहतानाच झोपेविषयी, रडू येण्याविषयी, पोराविषयी वाटणाऱ्या मायेविषयी विचारतो. महिन्यातून दोनदा मानसरोगतज्ज्ञ त्याच्याच दवाखान्यात येऊन बसतात. आपल्या देशात लाखामागे पुरता एक मानसरोगतज्ज्ञही नाही. अशा ठिकाणी, मनाचे दुखणे ओळखून वेळीच योग्य हाती सोपवणारा प्रसूतितज्ज्ञ ही काही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या एखाद्याचा हिशेब निराळा येईल. कर्ज फिटले असेल, मुले मार्गी लागली असतील, किंवा हातच कापू लागल्याने शस्त्रक्रिया करणे धोक्याचे झाले असेल. त्याने खुशाल बाकावर जाऊन बसावे, पन्नाशीतही बसावे. मात्र बाग मोडण्यापूर्वी झाडाला एक वर्ष विसावा देऊन पाहावा, आणि नव्या विद्येशेजारी वर्षभर खुर्ची टाकून बसून पाहावे. त्यानंतरही ओढ तशीच राहिली, तर ती खरी समजावी.

ही गोष्ट डॉक्टरांची म्हणून सांगितली. पण श्रोतेहो, ऐकणाऱ्यांत शिक्षक असतील, वकील असतील, शेतकरी असतील. चाळिशी उलटल्यावर "आपलं चुकलंच का?" हा प्रश्न रात्री कधी ना कधी प्रत्येकाच्या दाराशी येतो. तो आलाच तर त्याला बाहेर उभा ठेवू नका. आत घ्या, चहा द्या, आणि कागद-पेन्सिल घेऊन घरच्या माणसांसह त्याच्यासमोर बसा.